सत्तरीच्या आजींची साखर

लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या बाईला सगळे सुईताई म्हणत. तिची सुई कधी टोचली ते कळायचंही नाही, पण जीभ मात्र चांगलीच टोचायची. "गरोदरपणात साखर वाढली होती ना? मग दोन वर्षं कुठे होतात? बाळंतपण झालं की सुटलो, असं वाटलं?" अशी ती बायकांची खरडपट्टी काढायची.

साखर तिचीही वाढली होती, मुलीच्या वेळी. त्याला सात वर्षं झाली. दर वर्षी तपासायला सांगितलं होतं. तिने एकदाही तपासली नव्हती. बाई जाम घाबरट होती.

एका सकाळी शाळेचे बूट घालता घालता मुलीने विचारलं, "आई, तुझं रक्त कोण काढतं गं?"

सुईताई त्या दिवशी उपाशीपोटीच कामावर आली आणि तिने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. आयुष्यात पहिल्यांदा तिची शीर चुकली. दुसऱ्यांदा मिळाली. नळीवर आपलं नाव घालायचा मात्र धीर होईना. तिने लिहिलं, 'आजी, वय सत्तर'. वाईट आलंच तर आजींचं!

दुपारी लॅबच्या डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावलं. "या आजींची साखर अगदी उत्तम आहे हो. उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही."

सुईताई मटकन खुर्चीत बसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"आजींना सांग, पुढच्या वर्षीही यायचं," डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "आणि तुझं अक्षर मी दहा वर्षं वाचतेय."