आईच्या चालीने तळेगावची जुनी पेठ

लोणावळ्याला निघालेल्या गाड्या तळेगाव मागे टाकून पुढे जातात. आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं. या वेळी मात्र आईने बजावलं, "धबधबे नकोत, पॉइंट नकोत. माझ्या माहेरची पेठ बघायची. आणि चालत."

अर्धांगवायूनंतर तिची डावी बाजू अजून जड आहे. बाबांनी गुपचूप डिकीत व्हीलचेअर टाकली होती, ती तिने बाहेर काढायला लावली. शेवटी बाबांनी एक प्लॅस्टिकचं स्टूल बरोबर घेतलं.

पुण्याहून जुन्या हायवेने देहूरोड आणि सोमाटणे फाटा ओलांडला, की लिंब फाट्याला उजवीकडे गावात वळायचं. लोकलने येणार असाल तर स्टेशन गावापासून लांब आहे, बाहेर रिक्षा मिळतात. गाडी तळ्याजवळच लावा. पेठेत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी वाहतूक थांबते.

तळेगाव हे सरसेनापती दाभाड्यांचं गाव. त्यांच्या आश्रयाने वस्ती वाढली, दुकानं थाटली गेली, आणि मावळातली खेडी लग्नाच्या खरेदीला इथेच येऊ लागली. आता खाली मोबाइलच्या पाट्या आहेत. "पाट्या सोड, वर बघ," आई म्हणाली. वर लाकडी सज्जे होते, नक्षीच्या कठड्यावर कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. ती काठी टेकत एक पाऊल टाकायची, डावा पाय ओढून घ्यायची, पुन्हा थांबायची. तिच्या चालीमुळे मला सगळं दिसत होतं. भांड्यांचं दुकान, शिंप्याचं मशीन, सुपं-टोपल्यांची रास. बाबा दर थोड्या वेळाने स्टूल पुढे करत.

"डोळसनाथाच्या देवळापाशी बसेन," ती म्हणे. "मध्ये नाही."

देवळाच्या अलीकडे बांगड्यांचं दुकान लागलं. आईने दुकानाच्या ओट्यावर डावा हात ठेवला. मूठ वळलेली, मनगट मोकळं. दवाखान्यात उतरवलेल्या बांगड्या त्या हातात पुन्हा चढल्या नव्हत्या.

"या हातात भरा. काचेच्या."

कासारीणबाईंनी हात चाचपला. "हात फार आखडलाय, मावशी. काच टोचेल. धातूच्या देऊ का? मापाला मोठ्या?"

"मोठ्या निसटतील. मापाच्याच द्या."

त्यांनी तळव्याला तेल लावलं, एकेक बोट सैल केलं, अंगठा आत दाबला. पहिली बांगडी अर्ध्यावर जाऊन तडकली, वाढली. आईच्या हातावर रक्ताचा थेंब आला. शेजारी बसलेली खेड्यातली बाई पुढे वाकली. "लय दुखतंय का वो, आक्का?"

"व्हय," आई म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो माहेरचा शब्द मी ऐकला नव्हता.

"बास आता, चल," बाबा म्हणाले.

आईने हात मागे घेतला नाही. "दुसरी घ्या."

दुसरी गेली. मग तिसरी, चौथी. कासारीणबाईंनी पदराने घाम पुसला आणि त्या हाताला नमस्कार केला. बाबा रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

देवळाच्या पायरीपर्यंत आई चालत गेली. दर्शन झाल्यावर समोर गरम भजी आणि चहा घेतला. तिघांचं पोटभर झालं, तरी लोणावळ्यातल्या एका कॉफीएवढाही खर्च आला नाही. तुम्ही गेलात तर सकाळी जा, उन्हाआधी. आणि बरोबर कुणी वडीलधारं असेल तर त्यांना पुढे चालू द्या.

घरी आल्यावर सवयीने मी आईच्या ब्लाउजची बटणं काढायला पुढे झाले. आजारपणापासून रोज मीच तिचे कपडे बदलत होते. तिने माझा हात बाजूला केला. "बाहेर थांब."

मी दार लोटून घेतलं. खूप वेळ गेला. आत काहीतरी पडलं, ती स्वतःशीच चिडून काही बोलली, पुन्हा शांतता. मी हाक मारली नाही. थांबणं एवढं अवघड असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

दार उघडलं तेव्हा गाउनचं एक बटण चुकीच्या काजात लागलं होतं. मी ते तसंच राहू दिलं.