दाराकडची खुर्ची

मालगुंडहून निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मी रत्नागिरीच्या शाळेत पोरींकडून पाढे म्हणून घेत होते. "तुमच्या वहिनी गेल्या," एवढंच तो म्हणाला. पाढा तिथेच राहिला... त्याला आता दीड महिना झाला. समाचाराला येणाऱ्या बायका आवाज खाली आणून म्हणतात, "बिचारी! डोक्याने जराशी अशीच होती ना?" नव्हती हो! आमच्या घरात सगळ्यात शाबूत डोकं तिचंच होतं. हे चारचौघांत छापून यावं, म्हणूनच मी लिहायला बसले आहे.

तिचा सदू पाळण्यातच तापाने गेला आणि तिची झोप उडाली. जेवण तुटलं, मग बोलणंही. आईने देवळात कौल लावला. गुरवाने देवाला चिकटवलेलं डावं फूल पडलं आणि ठरलं, की ही बाहेरची बाधा; हिला माहेरी पोचवावी आणि माझ्या भावाला, अण्णाला, दुसरी बघावी. त्या सुमारास मुंबईचे एक डॉक्टर रत्नागिरीत राहून मनाची दुखणी बघत. मी त्यांचं नाव काढलं, तर आईने त्याचाही कौल लावला! तोही उलटाच पडला. तेव्हा कित्येक दिवस मुकी असलेली वहिनी ओटीवर येऊन उभी राहिली. "देवाला विचारलंत, गुरवाला विचारलंत. दुखणं माझं, मला कोणी विचारलंत? वन्सं, गाडी जुंपायला सांगा."

अण्णा म्हणाला, निदान गाडीला पडदा तरी लाव. तिने लावू दिला नाही. भर बाजारातून उघड्या गाडीने गेली. आतून मात्र भ्यायली होती. तिथे मागून कडी घालतात, माणूस परत येत नाही, असंच जो तो सांगायचा. दवाखान्याच्या पायरीवर तिने आधी दाराची बाहेरची कडी हलवून पाहिली.

परत आल्यावर विहिरीवर बायकांनी घेरलंच. "आत काय करतात गो?"

"करतात काय! दोन खुर्च्या असतात. म्हणाले, दाराकडची तुमची, दार उघडंच राहील, वाटेल तेव्हा उठून जा. नाडी नाही, काढा नाही. झोप कशी लागते विचारलं, मग बाळाचं नाव विचारलं. मी रडले. ते गप्प बसून राहिले, 'रडू नका' म्हणाले नाहीत. एका भेटीत व्हायचं नाही म्हणाले. परत जायचंय मला."

आणि गेली की! पावसाळा लागेपर्यंत जात राहिली. झोप आली, जेवण आलं, जिभेला तर धारच आली. मग तिने आमच्या पडवीत दाराकडे एक खुर्ची मांडली आणि समोर आपली. गावातल्या बायका येऊन बसायच्या, बोलायच्या, डोळे पुसून घरी जायच्या. आईने एकदा पुन्हा दुसऱ्या सुनेचा विषय काढला, तर वहिनी म्हणाली, "खुशाल आणा. तिलाही खुर्ची लागेलच." विषय मिटला.

वहिनीचे दिवस झाल्यावर अण्णा म्हणाला, "ती खुर्ची माळ्यावर टाक. लोक वेडीची खुर्ची म्हणतात."

"म्हणू देत," मी म्हटलं, आणि तिथेच फडक्याने पुसून घेतली.

संध्याकाळी आई काठी टेकत पडवीत आली. खुर्चीचा हात चाचपला आणि बसली. मी समोर वहिनीच्या जागेवर बसले.

"सदू," आई म्हणाली. "माझा सदू गो..."

मी दार उघडंच ठेवलं.