पित्ताची चढाई

रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत माझ्या साडूंइतका बोलका माणूस देवाने दुसरा घडवलेला नाही. घडवला असता तर दोघांना एकाच तालुक्यात ठेवण्याची चूक त्याने खचितच केली नसती. साडू कबड्डीच्या सामन्यांचे समालोचक. मैदान सुटले तरी त्यांचे समालोचन सुटत नाही. मेहुणीने तव्यावर बोंबील टाकला की स्वयंपाकघराच्या दारातून "बोंबील उलटला... आणि बाद!" सुरू. माझ्या लग्नात मंगलाष्टके संपायच्या आत त्यांनी भटजींच्या हातचा माईक काढून घेतला आणि "मुलीकडचा संघ आघाडीवर!" असे जाहीर करून टाकले. सासूबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

अशा माणसाचा आवाज गेल्या हिवाळ्यात बसला. सकाळी तोंड उघडले की ओल्या फटाक्यासारखे नुसते फुसफुस. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिले आणि निकाल दिला: रात्री पोटातले पित्त वर चढून स्वरयंत्र भाजते आहे. चहा बंद, सुकटीची चटणी बंद, जेवून लगेच आडवे होणे बंद, खाटेचे उसे उंच करा आणि बोलू नका. साडूंनी हे सारे मुकाट्याने ऐकले, कारण महिन्याभराने गावच्या मैदानावर त्यांची लेक मयुरी पहिल्यांदाच मोठ्या मुलींच्या संघातून खेळणार होती. तिचे नाव माईकवरून दुसऱ्याच कोणी पुकारावे, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होते.

मग पथ्य सुरू झाले. खाटेच्या उशाखाली त्यांनी जांभ्याचे चिरे घातले, तेही इतके की पहाटे साडू पायथ्याशी गोळा झालेले सापडत. गळ्यात पंचांची शिट्टी आली. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे भात, मांडीवर थाप म्हणजे आमटी. एकदा भाजीत मीठ जास्त पडले तेव्हा त्यांनी खिशातून ताकिदीचे हिरवे कार्ड काढून मेहुणीला दाखवले. तिने ताट उचलून सामनाच रद्द केला. "भावजी, बोलत व्हते तवाच बरे व्हते," ती मला म्हणाली, "आता शेजारी इचारतात, घरात पोलीस ऱ्हायला आलाय काय?" सामन्याच्या आदल्या दिवशी आयोजकांनी वडे-मटण घातले, आणि त्या पंगतीत साडू पेजेची वाटी घेऊन एखाद्या संन्याशासारखे बसले. मला त्यांची खरोखर कीव आली.

सामन्याच्या दिवशी आवाज परत आला, अगदी खणखणीत. साडूंनी मैदान दणाणून सोडले. मग मयुरी उठली. "आणि आता चढाईला येतेय..." एवढे म्हणाले आणि थांबले. पुढे शब्दच फुटेना. मैदान चिडीचूप झाले आणि त्या शांततेत पोरीचा दम ऐकू आला, कबड्डी, कबड्डी, कबड्डी, एका श्वासात, बापासारखाच खडा. दोन गडी मारून ती परतली, लोकांनी गलका केला, तरी साडू गप्पच.

मी धावत गेलो. "काय झालं भाऊ? परत पित्त?"

"व्हय, पित्तच हाय," डोळे पुसत ते म्हणाले.

पित्त डोळ्यांतून वाहते असे कुठल्याच डॉक्टरने सांगितलेले नाही, पण साडूंशी वाद कोण घालणार? तेव्हापासून मयुरी चढाईला निघाली की साडू माईक बंद करून मांडीवर ठेवतात आणि तिचा दम संपेपर्यंत ऐकत बसतात.