कौतिकचं रक्त

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मेथी निवडणं. कौतिक खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. डावा हात कोपरात दुमडलेला, त्यात कापसाचा बोळा, कारण दुपारीच लॅबवाली पोरगी घरी येऊन रक्त घेऊन गेली होती. उजव्या हाताने ती पानं खुडत होती. मी खाली बसून खुडत होतो. मी देठासकट टाकायचो आणि ती टोपलीत हात घालून देठ परत बाहेर काढायची.

"ओ रेखाचे बाबा, ही मेथी आहे की गुरांचा चारा?"

"पोटात गेल्यावर सगळं सारखंच."

"तुमच्या पोटात सारखं असेल. माणसांच्या नसतं."

मग तिला दम लागला. भाजी रेखाने, आमच्या पोरीने, केली. कौतिकने दोन घास खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाली.

कौतिक माझी बायको. डिंडोलीत तिची भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, होती. मी उधन्याच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, ती लारीवर, असं आमचं आयुष्य गेलं. खानदेशातून इकडे गुजरातेत आलो तेव्हा तिला गुजरातीचं अक्षर येत नव्हतं, पण बोलायला ती सहा महिन्यांत शिकली आणि भांडायला त्याच्या आधी. घरात आमची अहिराणी. इथे लिहिताना मी ती बरीचशी सरळ करून लिहितोय.

तिचं तोंड सगळ्या गल्लीला माहीत होतं. एखादी बाई भोपळ्याला नख लावून बघायला लागली की म्हणायची, "भोपळा आहे बाई तो, तुझ्या नवऱ्याचं डोकं नाही टोचून बघायला." बाई हसायची आणि भोपळा घेऊन जायची. भावात कौतिक कोणाला ऐकायची नाही, मापात मात्र खोट करायची नाही. तराजूचा काटा तिच्या बाजूला झुकलेला दिसला तर एक वांगं जास्त टाकायची. म्हणायची, "बोलण्यात फसवीन तुम्हाला, मापात नाही." कोणाच्या पोराचं पोट बिघडलं, कोणाच्या सासूला मूळव्याध झाली, सगळं तिला ठाऊक. ती ते रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून सांगायची. लाज म्हणून काही नव्हतीच तिला, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

पण एका गोष्टीची होती. आणि मला तिच्याहून जास्त होती.

आधी ती थकायला लागली. लारी ढकलताना मधेच थांबायची आणि कोणी बघितलं तर टोमॅटो पुसत असल्याचं दाखवायची. डोळ्यांच्या आत पांढरं दिसायला लागलं. गल्लीतल्या डॉक्टराने पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. लॅब आमच्या सोसायटीच्या नाक्यावरच होती. तिथे हेतल नावाची पोरगी रक्त घ्यायची आणि मशीनही तीच चालवायची.

हेतलने दंडाला पट्टा बांधला, सुई घातली, जांभळ्या झाकणाच्या बारक्या नळीत रक्त यायला लागलं आणि कौतिक तिच्याशी घासाघीस करायला लागली.

"इतलं काबरं लेस वं पोरी? एवढ्याची काय भाजी करायचीय? बस कर."

"मासी, लीटी सुधी जोईए." म्हणजे नळीवरच्या रेघेपर्यंत पाहिजे.

"रेघ कोणी काढली? कंपनीने. कंपनीला काय, रक्त माझं आहे."

तिने हातच मागे घेतला. पोरगी घाबरली, नळी अर्धीच राहिली. मला मजा वाटली. दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला की परत या, या नळीवर रिपोर्ट देता येत नाही. कौतिक भांडायच्या तयारीनेच गेली. हेतलने तिला समजावलं, मासी, या नळीत आधीच औषध घातलेलं असतं, रक्त गोठू नये म्हणून. औषध एका मापाचं, रक्तही त्याच मापाचं हवं. रक्त कमी पडलं तर आकडा खोटा येतो.

माप म्हटल्यावर कौतिक खुर्चीत नीट बसली. "असं आधी बोलायचं ना. मापाचं असेल तर घे." आणि दंड पुढे केला. नळी भरल्यावर हेतल ती हळूहळू खाली-वर उलटी करत होती, लहान पोराला अंगावर झोपवावं तशी. कौतिक म्हणाली, "जोरात हलव की, लवकर होईल." पोरगी म्हणाली, जोरात हलवलं तर रक्तातल्या पेशी फुटतात. तेव्हापासून कौतिक गिऱ्हाइकांना सांगायची, "टोमॅटो आणि रक्त, दोन्ही आपटायचं नाही."

रिपोर्ट आला. रक्त फार कमी. डॉक्टरने लोखंडाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी परसाकडे काळी होते, हेही तिने सगळ्या लारीवाल्यांना सांगून झालं. महिन्याने परत तपासलं तर आकडा आणखी खाली. परत गोळ्या, परत खाली.

मी चौथी शिकलेला माणूस. मला वाटलं, यांचं मशीन बिघडलंय. मी कौतिकला लारीवर सोडलं आणि लॅबमध्ये जाऊन तोंड सोडलं. गोळ्या खाऊन रक्त कमी कसं होईल? नळ्या बदलल्या असतील तुम्ही. दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावली असेल.

हेतल चिडली नाही. म्हणाली, काका, मशीनवर दोनदा घातलंय आणि मग काचेवर पसरून मी स्वतः बघितलंय. या, तुम्हीपण बघा. दुर्बिणीच्या त्या नळकांड्याला डोळा लावायला तिने मला शिकवलं. आधी माझीच पापणी दिसली. मग गोल गोल ठिपके दिसले. कडेला जरा रंग, मधे सगळं फिकं.

"आ लाल होवा जोईए," ती म्हणाली. हे लाल पाहिजे होतं.

मला कापडातलं कळतं. बाना, म्हणजे आडवा धागा, कमी पडलेलं कापड उजेडासमोर धरलं की असंच दिसतं, कापड असतं पण अंग नसतं. मी मान हलवली. भांडण संपलं.

मग ती पोरगी काउंटरच्या बाहेर आली. बाकावर दुसरं कोणी नव्हतं तरी आवाज खाली केला. हिंदीत बोलली, तिच्या भाषेत सांगायची तिलाही लाज वाटली असेल. "काका, खून बन तो रहा है, मगर कहीं से जा रहा है। मासी को नीचे से जाता है क्या? अभी, इस उमर में?"

ती माझ्या नातीच्या वयाची. माझे कान तापले. मी दाराबाहेर रिक्षा बघत म्हणालो, "नाही."

"पूछा आपने?"

"पूछा."

विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती, ही त्यातली खरी गोष्ट आहे. कौतिक सगळ्यांच्या आधी उठून काही तरी धुवायची. गच्चीवर दोरीवर तिचं जुनं लुगडं वाळत असायचं आणि त्याच्या आत, त्याच लुगड्याच्या आडोशाला, दुसरी फडकी. आमच्याकडे बायका तसंच वाळवतात, पुरुषाच्या नजरेला पडू नये म्हणून. आणि पुरुषही त्या दोरीकडे बघत नाहीत. तिचं ते सगळं कधीच बंद झालेलं होतं. मग दोरीवर परत काय वाळतंय, हा प्रश्न मला पडला होता. मी गच्चीवर जायचं बंद केलं.

त्या दिवशी लॅबमधून घरी आलो. ती भाकरी थापत होती. मी दारात उभा राहिलो.

"अवं."

"काय?"

"काही त्रास होतो का तुला?"

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही. "कसला त्रास?"

मला शब्द येत नव्हता, असं नाही. खात्यात मालकाला मी आईबहिणीवरून बोललेलो आहे. चार लोकांत कोणाचेही वाभाडे काढायला मला काही वाटत नाही. पण घरात माझ्या बायकोसमोर तो एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही.

"काही नाही. गोळ्यांचा म्हणतोय."

"गोळ्यांचा काय त्रास," ती म्हणाली आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात टाकली.

मी विचारावं म्हणून ती थांबली होती. हे मला तेव्हाही कळलं होतं. मी हात धुवून जेवायला बसलो.

पुढे उन्हाळ्यात रेखा कोसाडहून, सासरहून, राहायला आली. कपडे काढायला गच्चीवर गेली आणि खाली येऊन सरळ आईला मोरीत घेऊन गेली, दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा पायात चपला घालतच आली. "बाबा, रिक्षा बोलवा." दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने तपासलं, आणखी तपासण्या झाल्या. गर्भपिशवीचा कर्करोग निघाला, पसरलेला. बाईने विचारलं, "किती दिवसांपासून जातंय?" आणि माझ्याकडे बघितलं.

कौतिक पटकन म्हणाली, "यांना काही ठाऊक नाही हो. मी बोललेच नाही कधी."

मला तिथे उभं राहवलं नाही. पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो आणि नळाजवळ नुसता उभा राहिलो. मापात खोट न करणाऱ्या बाईने माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं.

औषधं सुरू झाली. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं, आकडा बरा असेल तरच औषध. तिच्या शिरा सापडेनाशा झाल्या. हेतल घरी यायला लागली. कौतिक तिला हात दाखवत म्हणायची, "शोध बाई, माझ्या लारीवर कोथिंबीर शोधतात तशी खालची शोध. वरची सगळी सुकलीय."

वॉर्डात तिच्या बाजूला सगळ्या त्याच दुखण्याच्या बायका असायच्या. तिथे काय झालं ठाऊक नाही, पण तिची ती एक लाज वॉर्डातच राहिली. जरा बरं वाटलं की लारीजवळ स्टूल टाकून बसायची. लारी आता शेजारची शोभा चालवत होती. आणि भाजी घ्यायला आलेल्या बायकांना कौतिक सांगायची, हळू नाही, तिच्या नेहमीच्या आवाजात, "पाळी गेल्यावर परत दिसलं तर लपवायचं नाही. नवऱ्याला सांग, नाही ऐकलं तर पोरीला सांग, पोरगी नसेल तर मला सांग." शोभाला तिने धरून हेतलकडे नेलं, रक्त तपासून घेतलं.

मी एकदा ते ऐकलं. रस्त्यावर माणसं येत-जात होती. घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. "लारीवर असलं बोलतात का? लोक काय म्हणतील?"

ती खाटेवर आडवी होत होती. म्हणाली, "मग कुठे बोलू? तुमच्याजवळ?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. त्यानंतर मी लारीच्या आसपास दिसलो की ती भाजीचं बोलायची. आणि मला कोणी चहाच्या टपरीवर विचारलं की वहिनींना काय झालंय, तर मी सांगायचो, "रक्त कमी आहे." माझा धाकटा भाऊ सुकदेव सचिन गावाला डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात आहे, त्यालाही तेवढंच सांगितलं होतं. सगळ्यांना तेवढंच.

मेथी निवडली त्या संध्याकाळी रेखाच्या फोनवर रिपोर्ट आला. आकडे फारच खाली गेले होते. डॉक्टरीणबाईने सकाळी आणायला सांगितलं, रक्त चढवू म्हणाली. रेखाने पिशवी भरून ठेवली. कौतिकने त्यात स्वतःचा कंगवा टाकला आहे ना, हे हात घालून बघितलं.

पहाट व्हायच्या आधी ती गेली. रेखा जवळ होती. मीही होतो.

सकाळी अंगणात माणसं जमली. बायका आत रेखाजवळ, काही दाराच्या बाहेर. आम्ही पुरुष बांबू बांधत होतो. नवीन माणूस आला की विचारायचा, काय झालं होतं, आणि सुकदेव माझ्या वतीने सांगायचा, "वहिनीचं रक्त कमी झालं होतं. अशक्तपणा." माणूस मान हलवून बाजूला उभा राहायचा. असं तीन-चार जणांना सांगून झालं.

खात्यातला माझा जोडीदार आला, त्याने विचारलं. सुकदेवने तोंड उघडलं तेव्हा मी म्हणालो, "थांब."

मी उभा राहिलो. "रक्त कमी नव्हतं झालं. तिच्या अंगावरून जात होतं. पाळी बंद झाल्यावर परत जायला लागलं होतं. पिशवीचा कर्करोग होता. मला दिसत होतं आणि मी विचारलं नाही. लाज वाटली म्हणून विचारलं नाही."

बांबू बांधणाऱ्यांचे हात थांबले. सुकदेव माझ्या बाहीला धरून ओढायला लागला. "दादा, गप बस. बायका ऐकताहेत."

"बायकांना तिने कधीच सांगून ठेवलंय," मी म्हणालो. "मी तुम्हाला सांगतोय."

कोणी वर बघेना. मी बाही सोडवून घेतली आणि परत पहिल्यापासून सांगितलं.