काळ्या देठाचं अळू

आनंदीबाईच्या हातच्या अळवाला खाज येत नाही, ही गोष्ट सर्जेकोटात कुणी वादाला घेत नसे. घेणार तरी कोण? उभा जन्म मालवणच्या बाजारात मासे विकलेली बाई ती. गिऱ्हाइकानं सुरमईच्या डोळ्याला बोट लावून बघितलं, की ‘तुझ्या डोळ्याक लावू काय रे?’ म्हणून विचारणारी. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, आणि अळवाच्या बाबतीत तशी गरजही नव्हती. ऋषिपंचमीला तिच्या घरची भाजी चाखायला वाडीतली माणसं निमित्त काढून यायची. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. परसात स्वतःच्या हातानं वाढवलेलं तेवढंच टोपात जातं. सुरण, भोपळा, भेंडी, मक्याचं कणीस असं सगळं असे, पण मान अळवाचा, आणि अळू ओळखावं तर आनंदीबाईनंच.

पण मेली एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिला धड दिसत नव्हतं.

एकदा बाजारात एका बाईनं तिच्याकडचा बांगडा घेतला, कल्ला उचलून बघितला आणि चारचौघांत म्हणाली, ‘‘गे आज्ये, हे कालचे मा गो!’’ कल्ले मातकट झाले होते. आनंदीबाईला ते लालच वाटले होते. तिनं त्या बाईला चार शब्द सुनावून वाटेला लावलं, टोपली आवरली, आणि घरी येऊन जाहीर केलं, ‘‘गुडघे धरतत. आता बाजार पुरो.’’ मुलगा सुशांत होडीवर जायचा. तो म्हणाला, ‘‘बरा झाला आये, आराम कर.’’ सून नम्रतानं टोपली धुऊन पालथी घातली. सासूचे गुडघे कधी दुखत नाहीत, हे तिला माहीत होतं.

नम्रता आंबोलीची. तिकडे पावसात दगडालाही पालवी फुटते म्हणतात, तेव्हा या मुलीला झाडांचं वेड असलं तर नवल नाही. पण तिचं वेड जगावेगळं होतं. अळवाच्याच गोतातली, पण शोभेची झाडं ती वाढवायची, तीही बी धरून. आनंदीबाईला हसूच आलं होतं.

‘‘अळू खंय बियेन होता गो? कांदो लावूचो नि मोकळा होवचा.’’

‘‘होता, आये. फकत कोण वाट बघना नाय.’’

वाट म्हणजे केवढी! फूल उमललं की त्याचा मादीचा भाग आधी तयार होतो, पराग मागाहून सुटतो. म्हणून एका फुलाचा पराग डबीत धरून ठेवायचा आणि दुसरं फूल उमलेल तेव्हा त्याला बारीक ब्रशनं लावायचा. ती डबी फ्रिजमध्ये बांगड्यांच्या शेजारी. मग काही महिन्यांनी लाल दाण्यांचा घोस पिकायचा. हातमोजे घालून त्याचा गर चोळून काढायचा, कारण खाज. धुतलेल्या बिया ओल्या शेवाळावर टाकून श्रीखंडाच्या डब्यांत झाकून ठेवायच्या. ते डबे ठेवायला आनंदीबाईनं आपला बर्फाचा थर्माकोलचा खोका काढून दिला होता. ‘‘माशांचो वास इलो तर माका सांगा नको,’’ एवढंच म्हणाली. बाजार सुटल्यावर हाताला काम नव्हतं. रोज सकाळी त्या खोक्याचं झाकण उघडून वारा द्यायचं काम तिनं आपण होऊन घेतलं होतं. आतले हिरवे ठिपके तिला दिसत नव्हते, पण ती वाकून बघायची खरी.

बियेची रोपं आवशीसारखी, म्हणजे आईच्या झाडाच्या वळणावर, येत नाहीत. एका घोसातली एक उंच, एक बुटकी, एक नुसतीच हिरवी. त्या सगळ्यांत एक रोप असं आलं, की नम्रता ते बघून खालीच बसली. काळाभोर देठ आणि रुपेरी पान. सावंतवाडीच्या एका रोपवाटिकेतल्या बाईंना तिनं फोटो पाठवला, तर त्या गणपतीनंतर स्वतः बघायला येते म्हणाल्या. नम्रताच्या झाडांसाठी बाहेरचं माणूस घरी येणार, असं पहिल्यांदाच घडत होतं. तेव्हापासून तिचा पाय जमिनीवर नव्हता.

ही झाडं मागच्या पडवीत ओळीनं ठेवलेली होती. ओळीच्या सुरुवातीला, खांबाला लागून, खाण्याच्या काळ्या अळवाच्या दोन कुंड्या होत्या. त्या नम्रतानं मुद्दाम लावल्या होत्या. ‘‘तुमका हाताशी बरा,’’ म्हणाली होती. अळवाचा खरा वाफा विहिरीच्या खाली, शेवाळलेल्या पायऱ्या उतरून. त्या पायऱ्यांवर आनंदीबाई एकदा घसरली होती, आणि तेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

चतुर्थीला मुंबईहून जाऊबाई आली. राधाबाई नाव. जीभ अशी, की आनंदीबाईलाच तोडीस तोड. माणसांना बसायला जागा हवी म्हणून सुशांतनं पडवीतल्या कुंड्या उचलून इकडच्या तिकडे केल्या. करणाऱ्यानं केलं, सांगितलं कुणालाच नाही.

पंचमीच्या सकाळी आभाळ भरलेलं, पडवीत अंधार. नम्रता नैवेद्यात गुंतलेली. आनंदीबाई कोयती घेऊन मागे गेली, खांबाला हात लावला आणि खांबाशेजारची कुंडी चाचपली. जाड, गार देठ लागला. डोळ्यांजवळ नेला तर काळा. ‘काय झोकात वाढलाहा!’ असं म्हणत तिनं मुळाशी कोयती घातली आणि कांद्यासकट उचललं. शेजारच्या कुंडीतलंही काढलं. चिंच घालून रटरटा शिजवलं, चव बघितली नाही, कारण नैवेद्य व्हायचा होता.

पंगत बसली. पहिला घास सगळ्यांनी गिळला. दुसऱ्याला राधाबाईनं पान पुढे सारलं.

‘‘वैनी गो, घसो धरलो माझो!’’

मग एकेकानं खाकरायला सुरुवात केली. कुणी कोकमाचं आगळ मागतोय, कुणी तूप चाटतोय, सुशांत मोरीवर जाऊन चुळा भरतोय. राधाबाईचा ओठ बघता बघता सुजला. सुजल्या ओठानं तिनं विचारलं, ‘‘अळू खंयचा ह्या?’’

आता बघा, आनंदीबाईनं काय सांगायला हवं होतं? ‘मी काढलं, मी शिजवलं.’ दोन शब्दांची गोष्ट. पण उभ्या जन्मात जे झालं नाही ते झालं होतं. तिच्या अळवाला खाज आली होती, आणि सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या तोंडून निघालं, ‘‘पडवेतला. नम्रतान लावलेला.’’

‘‘तरीच!’’ राधाबाई म्हणाली. ‘‘आंबोलीच्या माणसांका अळू काय समाजतला!’’

आपण काय बोललो त्यातला एकही शब्द आनंदीबाईला खोटा ठरवता आला नसता, इतका तो खरा होता. म्हणूनच तो तिला खोट्यापेक्षा जास्त लागला. नम्रता पंगतीला वाढत होती. तिनं सासूकडे एकदा बघितलं, मग स्वतःच्या पानावर बसली, भाजीतला देठाचा तुकडा बोटानं उलटून बघितला, आणि पानातली भाजी शेवटपर्यंत खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं. खाजेनं असेल, असं सगळ्यांना वाटलं.

जेवणं आटोपल्यावर आनंदीबाई पडवीत गेली. या खेपेला तिनं एकूणएक कुंडी चाचपली. दुसऱ्या टोकाला अळवाच्या दोन्ही कुंड्या जशाच्या तशा होत्या. पान पाणी धरत नव्हतं, ओघळत होतं, अळूच ते. मग ती परत खांबापाशी आली आणि दोन कुंड्यांत नुसती कापलेली मुळं तिच्या बोटांना लागली.  धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच बोलत नाहीत.

मागे नम्रता उभी होती.

‘‘ता झाड?’’ आनंदीबाईनं विचारलं. ‘‘सावंतवाडीची बाय येवची होती, ता?’’

‘‘होय.’’

‘‘तुका कधी समाजला?’’

‘‘पानात देठ बघलंय तेवा.’’

‘‘मगे गो, गप कित्याक रवलंस? ओरडाक येय नाय होता तुका?’’

‘‘राग इलो माका,’’ नम्रता म्हणाली. ‘‘खोटा कित्याक सांगू? टोप उचलून भायर फेकूसा वाटला. पण मी बोललंय आसतंय, तर राधाकाकी इचारतली, ह्या अळू नाय ता वैनीक दिसाक नाय काय? मगे तुमच्या डोळ्यांचा सगळ्यांका कळला असता.’’

आनंदीबाईनं हात कुंडीतून काढून घेतला. ‘‘माझ्या डोळ्यांक काय झाला?’’

 पण आनंदीबाईला मिठाचा डबा आठवला. त्याला सहा-सात महिन्यांपूर्वी नम्रतानं सुतळी बांधली होती. साखरेच्या डब्याला नव्हती बांधली. आंबोलीची काहीतरी पद्धत असेल, म्हणून सासूनं तेव्हा नाक मुरडलं होतं. आणि या अळवाच्या कुंड्या, हाताशी बऱ्या म्हणून. म्हणजे ही पोरगी इतके दिवस आपलं झाकत आली, आणि आपण मात्र तिला पंगतीत उघडं पाडलं. 

तरी माणूस किती हलकं असावं? त्या क्षणीसुद्धा ती काय म्हणाली, तर, ‘‘कोणाक सांगा नको हां.’’

‘‘नाय सांगूचंय,’’ नम्रता म्हणाली, आणि कुंडीतली माती सारखी करायला लागली.

पुढचे दिवस कसे गेले ते आनंदीबाईला विचारा. राधाबाईला विषय मिळाला होता. गणपतीच्या दर्शनाला कुणीही आलं, की ‘‘आमच्या सुनेन पंचमीक सगळ्यांचे घसे धरल्यान’’ म्हणून सुरुवात. बायका हसायच्या, नम्रताही हसायची. चहा आणला तर ‘‘तुया केलंस की सासवेन?’’ असा प्रश्न. मग एका दुपारी नम्रता फोनवर बोलत होती, ऑफिसात बोलतात तशा मराठीत: ‘‘नाही मॅडम, येऊ नका. ते झाड गेलं. पावसानं कुजलं.’’ दाराआड आनंदीबाईनं ते ऐकलं. पावसानं! पावसावर घातलं, सासूवर नाही घातलं. त्या रात्री तिला घास गिळवेना. ‘‘अजून घसो खाजता काय?’’ राधाबाईनं विचारलं. तिनं होय म्हणून सांगितलं.

पाचव्या दिवशी गणपती उठवायचे होते. वाडीतली माणसं जमली. गाऱ्हाणं घालायला धोंडू आला. घरोघर देवापुढं बोलणं मांडायचा मान त्याचा. सगळे हात जोडून उभे राहिले. धोंडूनं आवाज लावला, लेकरांची सेवा गोड मानून घे म्हणाला, होडीवाल्यांना सांभाळ म्हणाला, मुंबईच्या पोरांना बरकत दे म्हणाला, आणि दर वाक्यामागे सगळ्यांनी ‘होय म्हाराजा!’ म्हणून साथ दिली. शेवटी तो चुकल्यामाकल्यापाशी आला.

‘‘धोंडू, थांब,’’ आनंदीबाई म्हणाली. ‘‘फुडला मी घालतंय.’’

बाईनं गाऱ्हाणं घातलेलं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. पण थांबवणार कोण?

‘‘बा म्हाराजा! पंचमीक ह्या घरात अळवान सगळ्यांचे घसे धरले!’’

‘‘होय म्हाराजा!’’ हे मात्र सगळे मनापासून ओरडले.

‘‘ता अळू माझ्या सुनेन काढूक नाय. मी काढलंय!’’

‘‘होय म्हा...’’ अर्धे अडखळले, पण जिभेला सवय. ‘‘...राजा!’’

‘‘ता अळूच नव्हता! तिना बियेपासून वाडवलेला झाड होता. तसा दुसरा खंय नाय. ता मी कोयती घालून टोपात टाकलंय!’’

‘‘होय म्हाराजा!’’ आवाज निम्मा झाला होता.

‘‘कित्याक, तर माका दिसना नाय. बाजार मी गुडघ्यांसाठी सोडूक नाय, डोळ्यांसाठी सोडलंय. आणि ता लपवलंय!’’

 राधाबाई सुशांतकडे बघत होती, सुशांत खाली बघत होता.

‘‘ओरडा मरे!’’ आनंदीबाईचा बाजारातला आवाज सुटला. ‘‘गाऱ्हाणा अर्धवट रवता!’’

‘‘होय म्हाराजा,’’ सुशांत एकटाच म्हणाला.

‘‘सुनेवर बोल इलो तेवा मी गप रवलंय. ती लाज तिची न्हय. ती माझी आसा, ती माझ्याच पदरात घाल, म्हाराजा!’’

तिनं खरोखर पदर पसरला. ‘होय म्हाराजा’ झालं, राधाबाईचाही आवाज त्यात होता. फक्त नम्रताचा नव्हता. ती तोंडावर ओढणी धरून उभी होती.

गणपती बाहेर निघाले. खाडीकडे जाताना विहिरीजवळच्या पायऱ्या उतराव्या लागतात. तिथं नम्रतानं सगळ्यांसमोर सासूचा कोपर धरला. एरवी आनंदीबाईनं तो हात झटकून टाकला असता.

‘‘पायरी आसा, आये.’’

‘‘माका दिसना नाय मा,’’ आनंदीबाई म्हणाली, शेजारीण ऐकत होती तरी मोठ्यानं. ‘‘सगळ्यो पायऱ्यो सांगत चल.’’