वहिनीची दुसरी बॅटरी

आज मुलीने सोल्डरिंग केलं आणि त्या धुराच्या वासाने मला नव्वदच्या दशकातल्या आमच्या उधन्याच्या घरी नेलं. वहिनीचा श्वास मशीनवर चालायचा. तिला धुळ्याला माहेरी न्यायला भावाने टेम्पोत दुसरी बॅटरी बसवली होती. पण इंजिन बंद असलं की मशीन दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या करायचं, मग टेम्पोच सुरू होत नसे. म्हणून इंजिन चालू होऊन व्होल्टेज वाढलं तरच दोन्ही बॅटऱ्या जोडणारी रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, मी बनवत होतो. पण रिले नुसती थरथरत होती, घट्ट बसत नव्हती.

“भाऊजी, माय वाट देखत व्हई,” वहिनी धापा टाकत म्हणाली.

मी पुन्हा जोडणी केली. भावाने इंजिन सुरू केलं आणि रिले ‘टक’ करून घट्ट बसली. वहिनी वाचली, असंच मला तेव्हा वाटलं.

ती आईजवळ पोचली आणि आठवडाभरात गेली. आता कळतं, तिने फक्त पोचायचंच मागितलं होतं.