सोडून दिलेली उंची

हाटकेश भागातल्या गाळ्यात पॅकिंगचं काम चालू होतं, तेव्हा उत्तनहून ग्रेटाच्या आईचा फोन आला. मावशी स्वतःहून कधी फोन लावत नाही, त्यामुळे नाव दिसताच मी हातातलं काम खाली ठेवलं. "सुमन, ती गेली गं," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... मी रिक्षा करून पोचले, तर दारात वेगळाच घोळ. आणलेली शवपेटी आखूड पडत होती. देशासाठी उंच उड्या मारलेली बाई, तिच्या मापाची पेटी तयार कुठून मिळणार? दुसरी येईपर्यंत आम्ही सगळे अंगणात ताटकळत उभे होतो. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही.

भाईंदर पश्चिमेच्या शाळेत ग्रेटा आणि मी एका बाकावर बसायचो. माझे वडील रत्नागिरीहून नोकरीसाठी आलेले, ती उत्तनची, बसने यायची. उडी मारायला ती शाळेत शिकली नाही. किनाऱ्यावर बोंबील वाळवायला आडवे बांबू बांधतात. त्यातल्या खालच्या बांबूवरून ती वाळूत उड्या मारायची, बोंबील पाडायची आणि आईचा मार खायची. पुढे मैदान मिळालं, गादी मिळाली, पाठीवर पडायची पद्धत ती शिकली आणि बघता बघता आमच्या आवाक्याबाहेर गेली. मीही तिच्यासोबत उड्या मारायचे, पण दहावीनंतर सोडल्या. ती मात्र भारताचा बनियान घालून परदेशात उतरली, आणि मावशीने त्या आनंदात गल्लीभर सुकट वाटली.

उंच उडीत एक सोय असते. लागोपाठ तीनदा चुकलं की खेळ संपतो, म्हणून ताकद राखायची असेल तर पंचांना सांगून एखादी उंची सोडून देता येते आणि थेट पुढच्या उंचीला उतरता येतं. ग्रेटाचा उडीचा गुडघा लवकर दुखायला लागला आणि तिने या सोयीची सवयच लावून घेतली. आशियातल्या एका मोठ्या स्पर्धेत तिने अशीच एक उंची सोडली. सरावात ती उंची ती हसत पार करायची. पुढच्या उंचीला तिन्ही वेळा काठी पडली, आणि तिने सोडलेली उंची ज्या मुलीने पार केली होती तिला तिसरा क्रमांक मिळाला. मी चिडले, तर मलाच समजावत होती, गुडघा वाचला ना, पुढच्या वर्षी बघ. पुढच्या वर्षी त्याच हिशेबाने खेळून तिने खरंच पदक आणलं. तेच वाईट झालं, असं मला आता वाटतं. मागे ठेवलेलं काम नंतर साधता येतं, हा तिचा विश्वास त्या पदकाने पक्का केला.

उड्या थांबल्यावर नोकरी सांभाळून ती बेव्हर्ली पार्कजवळच्या मैदानात मुलींना शिकवायला लागली. लग्न राहून गेलं, गुडघ्याचं ऑपरेशन राहून गेलं. मैदानावर मुलींच्या उड्या बघता बघताच तिने मला सांगितलं की छातीत गाठ लागतेय. मी तिथल्या तिथे भांडले. उद्याच जाऊ, म्हटलं.

"मुलींची राज्य स्पर्धा तोंडावर आलीय, सुमे. ती होऊ दे, मग जाते."

ती झाली. मग निवड चाचणी आली, मग मावशीचा मोतीबिंदू. मी डॉक्टरची वेळ घ्यायचे, ती रद्द करायची. चिडून मी बोलणंही बंद करून पाहिलं. शेवटी गेलो तेव्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आजार हाडांपर्यंत गेल्याचं सांगितलं. परतताना रिक्षात ती म्हणाली, "एकदा काठी वर चढवली ना, की कुणासाठी खाली नाय आणत गं..." मी तिचा हात धरून बसले.

लोक म्हणतात, तिने घडवलेल्या मुलींच्या रूपाने ती उरली आहे. मला हे पटत नाही. गादी मैदानाच्या कोपऱ्यात भिजतेय आणि मुली दुसऱ्या क्लासला गेल्या. ज्यांच्यासाठी तिने स्वतःला मागे ठेवलं, त्यांचं तिच्यावाचून अडलं नाही. अडलंय ते एका म्हातारीचं.

परवा उत्तनला गेले होते. मावशीने चहा टाकला. ग्रेटाने ते स्वयंपाकघर स्वतःच्या उंचीने लावलंय, रोजचे डबे पार वरच्या फळीवर. मावशी हाक मारायची आणि ही उभ्या उभ्या हात वर करून डबा द्यायची. मी टाचा उंचावून पाहिलं, माझी बोटं फळीच्या कडेलाही लागली नाहीत. शेजारून स्टूल आणते, डबे खाली लावून देते, म्हटलं.

"नको," मावशी म्हणाली. "तिनं ठेवलंय ते. खाली काडलं का मंग वर ठेवणारं कोन न्हाय."

साखर वरच राहिली. मावशीने दोन कप भरले आणि आम्ही तो चहा तसाच प्यायलो. ती महिनाभर तसाच पितेय.